नाक

डिगंबर महाजनानं जीप टेम्पोत घालून आणली,
रावेरहून, खाली केळीचा वाळका पाला अंथरून,
आणि उतरवता उतरवताच म्हणाला,
तेल हलकं निघालं ताई, दुसरं काही नाही.

मी बोलले नाही.
मे महिना, धुळ्याचा आग्रा रोड,
पाना उन्हात राहिला तर तळहाताला फोड,
म्हणून पेटीवर ओलं गोणपाट.
पंखा काढला, पट्टे काढले,
पुढची जाड पुली दोन हातांनी हलवून पाहिली.
हलली.
हलायला नको होती.

बोल्ट तर सॉकेट लावताच सुटला,
दारात चपला घालूनच बसलेल्या पाहुण्यासारखा.
आत दांड्याच्या नाकावर लाल भुकटी.
तेलकट नाही, ओली नाही,
कपाळी लावावी इतकी बारीक.
लोखंडानं लोखंड घासून खाल्लं की हे पीठ पडतं.
चावीची खाच रुंदावलेली,
आणि पहिल्या बेअरिंगच्या मुळाशी
नखाला लागेल न लागेल अशी चीर.

लोटनकाकाचे कान भट्ट्यांनी आणि घणांनी कधीच नेले होते.
तो पेचकसाची मूठ दातात धरायचा,
टोक इंजिनाला टेकवायचा,
डोळे मिटून दाढेनं ऐकायचा.
आणि म्हणायचा,
आयक पोरी, इंजिनले ताकद दिधी ना,
मंग नाकले बी दे.

मी डिगंबरला तेच सांगितलं, माझ्या भाषेत.
पिस्टन नवे घेतलेस, कॅम नवा,
सीटसुद्धा लाल.
चार हजार फेऱ्यांचं इंजिन साडेसहावर नेलंस.
प्रत्येक स्फोटाला दांडा पिळतो रे, कपडा पिळावा तसा,
केसभर, आणि उलटा सुटतो.
तो पीळ पोटात घ्यायला ही पुली,
तिच्या दोन कड्यांमध्ये रबराची रिंग.
पण तिला धरून कोण?
तोच जुना बोल्ट, आणि एक पत्र्याचा वॉशर,
वाकून बशी झालेला.
तो म्हणाला, पण घट्ट केला होता!
कशानं?
हवेच्या गननं. टर्रर्र करून.

नवा दांडा इंदूरहून आला.
बोल्ट काळा, जाडा, डोक्यावर बारा पॉइंट नऊ.
अकराशे रुपये.
एका बोल्टाचे? एवढ्यात मी इंदूरला जाऊन जेवून येईन.
जा, म्हटलं, दांडा मोडला की पुन्हा जायचंच आहे.
वॉशर मोगलाईतल्या सत्तार टर्नरनं केला,
पाच मिली, पाणी पाजलेला,
दोन्ही अंगं अशी सपाट की काचेवर ठेवला तर उचलेना.

आटे टॅपनं साफ केले, पेट्रोलनं धुतले.
पुली हातोड्यानं नाही बसवायची,
स्क्रूनं ओढून घ्यायची, सावकाश.
तेलाचे दोन थेंब आट्यांवर,
एक वॉशरच्या पाठीवर, तो सगळे विसरतात.
मग टॉर्कचा लांब पाना,
काकाच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला.
आधी निम्म्यावर. थांबले. पाणी प्याले.
मग पुरता.
टक्.
डिगंबर म्हणाला, बस? एवढंच?

संध्याकाळी इंजिन चढवत नेलं,
पाच, सहा, साडेसहा,
शेडचे पत्रे थरथरले,
समोरच्या शेवभाजीच्या हॉटेलातली माणसं
वाटी हातात घेऊन बाहेर आली.
मी पेचकस दातात धरला.
दाढेत नुसती सरळ गुणगुण.
काकाला विचारायला हवं होतं,
चांगल्या इंजिनात त्याला काय ऐकू यायचं,
पण तेव्हा माझ्या मनात फक्त पगार असायचा.

जुना बोल्ट डिगंबर विसरून गेला.
मोजला, अर्धा मिली लांबलाय.
बिलांवर ठेवलाय, उडू नयेत म्हणून.
बाहेरून केळीचा ट्रक गेला
की तो आपला आपण घरंगळतो.